पुनर्विकासाच्या करारात भिंत, खिडकी आणि गच्चीचे ऊर्जानिकष कसे आणावेत?

सचिव_ठाणे_पश्चिम

नमस्कार मंडळी.

आमची सहकारी गृहनिर्माण संस्था ठाणे पश्चिमेला आहे. तळमजला अधिक चार मजले, ४८ सदनिका, बांधकाम १९८४ चे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्वसाधारण सभेची मान्यता, पीएमसीची (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची) नेमणूक आणि व्यवहार्यता अहवाल हे टप्पे पार पडले असून निविदेचा मसुदा आता समितीपुढे आहे. त्यातील सोयीसुविधांच्या यादीत फरशीचा आकार, ओट्याच्या ग्रॅनाइटची जाडी, नळांचा दर्जा, दरवाजाचे कडी-कोयंडे हे सगळे नोंदवले आहे. बाहेरची भिंत कशाची, खिडकीची काच कोणती, गच्चीवर उष्णतारोधक थर किती, याविषयी मात्र एक ओळही नाही.

सध्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या सभासदांना एप्रिल-मे महिन्यांत रात्री अकरा वाजेपर्यंत भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. नव्या इमारतीत तोच त्रास तीस मजल्यांना व्हावा आणि प्रत्येक खोलीला एसी लावून तो झाकावा लागावा, हे आम्हाला मान्य नाही.

माझे प्रश्न असे आहेत. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात जी दुरुस्ती झाली, ती निवासी इमारतींना लागू होते असे वाचले; मग विकसकाला हे निकष पाळणे बंधनकारक आहे का? काही सभासद अजूनही म्हणतात की पुनर्विकास न करता मोठी दुरुस्ती करावी. तसे झाल्यास जुन्या इमारतीला कोणता नियम लागतो? आणि परदेशात इमारतींना कार्बन उत्सर्जनाबद्दल दंड होतो असे ऐकले आहे, तो नेमका कसा आकारतात?

वास्तुरचना_मुलुंड

आपण हा प्रश्न निविदा निघण्याआधी विचारला हे फार चांगले झाले, कारण एकदा विकास करारनाम्यावर सह्या झाल्या की भिंतीचा विषय पुन्हा उघडता येत नाही.

आधी कायद्याची बाजू सांगतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली ऊर्जा दक्षता ब्युरोने २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी ही तिची उंबरठ्याची मर्यादा. घरांसाठी २०१८ च्या डिसेंबरात ‘इको निवास संहिता’ आली, तिचा पहिला भाग केवळ इमारतीच्या बाह्यावरणाविषयी, म्हणजे भिंत, खिडकी आणि छप्पर यांविषयी आहे. आपण म्हणता ती दुरुस्ती संसदेने २०२२ मध्ये मंजूर केली आणि १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली. तिने इमारतीच्या व्याख्येत निवासी वापर स्पष्टपणे आणला, संहितेला शाश्वत इमारतींचे निकष जोडले आणि ही भारमर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली. आपल्या जागी उभा राहणारा टॉवर १०० किलोवॅटची मर्यादा सहज ओलांडेल.

तथापि केंद्राची संहिता इमारतीपर्यंत पोहोचते ती राज्याच्या अधिसूचनेतून आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाच्या नियमावलीतून. बांधकाम परवानगीच्या टेबलावर ज्याची तपासणी होत नाही, ते विकसक स्वतःहून करील अशी अपेक्षा ठेवू नये. म्हणून माझे ठाम मत आहे की नियम बंधनकारक आहे की नाही या वादात वेळ घालवण्याऐवजी संहितेतील आकडे थेट करारनाम्यात लिहावेत. कराराने मान्य केलेली अट बंधनकारक ठरण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

आता आकडे. इको निवास संहितेने भिंत-खिडकीसाठी आरईटीव्ही नावाचे एकच मूल्य ठरवले आहे: बाह्यावरणाच्या दर चौरस मीटरमागे सरासरी किती वॅट उष्णता घरात शिरते, ते. थंड प्रदेश वगळता देशभर ते १५ च्या वर जाऊ नये. मुंबई-ठाणे हा पट्टा उष्ण-दमट हवामानाचा असल्याने येथे भिंतीच्या यू-मूल्याला (आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते, त्या आकड्याला) ५.१५ ने, काचेच्या यू-मूल्याला १.३१ ने आणि काचेतून येणाऱ्या उन्हाच्या अंशाला ६५.२१ ने गुणायचे, प्रत्येकाला त्याच्या क्षेत्रफळाचा वाटा लावायचा आणि बेरीज करायची. प्रत्यक्षात दिशेचाही गुणक असतो, उत्तरेला सुमारे ०.६६ आणि पूर्व-पश्चिमेला सुमारे १.१५, सोपेपणासाठी तो येथे १ धरतो.

समजा बाह्य पृष्ठभागापैकी २० टक्के खिडक्या आहेत. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉर्मवर्कमधल्या, म्हणजे साइटवर सगळे ज्याला मिवान म्हणतात त्या पद्धतीच्या, सुमारे १५० मिलिमीटर काँक्रीटच्या भिंतीचे यू-मूल्य ३.५ च्या आसपास असते. भिंतीतून १४.४, काचेच्या वहनातून १.५ आणि साध्या, छज्जा नसलेल्या काचेतून उन्हाचे १०.४, असे मिळून २६ च्या वर जाते. तीच भिंत २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची केली, तर यू-मूल्य ०.७५ च्या जवळपास येऊन भिंतीचा वाटा १४.४ वरून ३.१ वर उतरतो आणि बेरीज १५ वर येऊन टेकते. खिडकीवर नीट छज्जा दिला तर ती १२.५ च्या आत जाते. याउलट काँक्रीटची भिंत तशीच ठेवून नुसती महाग काच लावली, अगदी उन्हाचा चौथा हिस्साच आत सोडणारी, तरी बेरीज १९ च्या खाली येत नाही. विक्रीच्या माहितीपत्रकात ‘हाय परफॉर्मन्स ग्लास’ असे ठळक छापलेले असते. त्याच्या शेजारची भिंत कशाची आहे हे विचारल्याशिवाय त्या काचेचे मोल ठरत नाही.

गच्चीसाठी यू-मूल्य जास्तीत जास्त १.२ असावे असे संहिता म्हणते. आपल्याकडचा पारंपरिक ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, एकटा तेथवर पोहोचत नाही, त्याखाली साधारण ४० मिलिमीटर उष्णतारोधक थर घ्यावा लागतो. एवढ्या मोठ्या प्रकल्पात हा खर्च किरकोळ आहे.

आणखी एक निकष आहे, त्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. उष्ण-दमट हवामानात उघडता येणारे खिडक्या-दरवाजांचे क्षेत्र कार्पेट क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, त्यामुळे तिचे निम्मेच क्षेत्र मोजले जाते. आपल्या नकाशातील खिडक्या या हिशेबाने एकदा मोजून पाहा, म्हणजे दुपारी घरात वारा का फिरत नाही हे कागदावरच कळेल.

साइट_अभियंता

वरील गणित बरोबर आहे, पण त्यातून मिवान म्हणजे वाईट आणि ब्लॉक म्हणजे चांगला असा अर्थ निघू नये, म्हणून लिहितो. मी गेली अनेक वर्षे उंच इमारतींच्या साइटवर काम करतो.

काँक्रीटच्या अखंड भिंती भूकंपात चांगल्या टिकतात, आठ-दहा दिवसांत एक स्लॅब पूर्ण होतो, म्हणजेच सभासदांचे भाड्याच्या घरातले दिवस कमी होतात. एएसी ब्लॉकच्या भिंतीत बीम आणि ब्लॉक यांच्या सांध्याला जाळी लावून फट नीट भरून घेतली नाही, तर तेथे तडा जातो आणि कोकणच्या पावसात त्या तड्यातून पाणी आत येते. गळकी भिंत थंड असली तरी सभासद तिचे कौतुक करणार नाहीत.

मधला मार्ग आहे. इमारतीच्या स्थैर्यासाठी लागतील तेवढ्याच भिंती काँक्रीटच्या ठेवाव्यात आणि बाकीच्या बाह्य भिंती ब्लॉकच्या कराव्यात. सर्व भिंती काँक्रीटच्याच हव्या असतील, तर बाहेरून किमान २५ मिलिमीटर उष्णतारोधक थर आणि त्यावर जाळीचा गिलावा घ्यावा. तेवढ्यानेही यू-मूल्य ३.५ वरून १ च्या आसपास येते आणि छज्जा असेल तर आरईटीव्ही १५ च्या आत बसते. मात्र हे आराखड्याच्या टप्प्यावर ठरले पाहिजे. फॉर्मवर्कची मागणी नोंदवून झाल्यावर विकसकाला भिंत बदलायला सांगणे म्हणजे त्याला संपूर्ण साचा बदलायला सांगणे होय, आणि ते तो करणार नाही.

म्हणून करारात ‘ब्लॉकची भिंत’ असे साहित्य लिहू नका. आरईटीव्हीचा आकडा लिहा आणि तो कसा गाठायचा ते अभियंत्यांवर सोडा.

क्वीन्स_न्यूयॉर्क

दंडाच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन, कारण मी ज्या सहकारी इमारतीत राहते तेथील मंडळावर आहे. येथे ‘को-ऑप’ म्हणतात. आपल्या हाउसिंग सोसायटीशी बरेच साम्य आहे, सभासदांच्या सभेतले वादही ओळखीचे वाटतील.

न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये स्थानिक कायदा क्रमांक ९७ केला. २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना, त्या कितीही जुन्या असल्या तरी, दर चौरस फुटामागे वार्षिक कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे. पहिला टप्पा २०२४ ते २०२९, त्यानंतर २०३० पासून मर्यादा जवळपास निम्मी होते. मर्यादेपेक्षा जास्त झालेल्या प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड. २०२४ या पहिल्या वर्षाच्या अहवालाची मूळ मुदत १ मे २०२५ होती.

उदाहरण देते. एक लाख चौरस फुटांच्या बहुकुटुंबीय इमारतीला पहिल्या टप्प्यात वर्षाला ६७५ टन चालतात. तिचे उत्सर्जन ५०० टन असेल तर आज दंड शून्य. २०३० मध्ये मर्यादा सुमारे ३३५ टनांवर येईल, काहीही सुधारणा केली नाही तर वरचे १६५ टन उरतील आणि वर्षाला ४४,००० डॉलरहून अधिक भरावे लागतील. दंड येण्याआधी पहिल्या टप्प्याची सहा वर्षे हातात मिळतात आणि आकडा आधीच माहीत आहे, त्यामुळे मंडळाला बॉयलर दुरुस्त करायचा की हीट पंप बसवायचा याचा निर्णय पुढे ढकलता येत नाही.

यातले जे मला सर्वांत मोलाचे वाटते ते दंडाआधीचे आहे. येथे मोठ्या इमारतींना आपला वर्षभराचा वीज, गॅस आणि पाण्याचा वापर शहराला कळवावा लागतो, तो जाहीर होतो आणि त्यावरून मिळालेली श्रेणी इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी लावावी लागते. वापर कळवण्याची ही सवय कित्येक वर्षे आधीपासून लागल्यामुळेच मर्यादा ठरवताना शहराकडे इमारतींची खरी आकडेवारी होती. भारतात दंड आणण्याची घाई करण्याआधी मोजणी सुरू व्हावी असे मला मनापासून वाटते.

एक फरक ध्यानात ठेवावा. आमचे बहुतांश उत्सर्जन हिवाळ्यातील तापवणुकीसाठी जाळलेल्या गॅस-तेलातून होते. येथे विजेच्या एका युनिटमागे या टप्प्यात सुमारे ०.२९ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. भारतीय ग्रिडचा आकडा ०.७ किलोच्या आसपास आहे. म्हणजे ठाण्यात वाचवलेले एक युनिट आमच्याकडच्या युनिटपेक्षा दुपटीहून अधिक उत्सर्जन टाळते.

सचिव_ठाणे_पश्चिम

सर्वांचे आभार. दुरुस्ती करून इमारत टिकवण्याचा पर्याय मांडणाऱ्या सभासदांची बाजू मला सभेपुढे नीट ठेवायची आहे. संरचनात्मक तपासणीत इमारत दुरुस्तीयोग्य असल्याचा निष्कर्ष आहे. अशा इमारतीत ऊर्जेच्या दृष्टीने काय करता येते?

ऊर्जा_लेखापरीक्षक

जुन्या निवासी इमारतीच्या उत्सर्जनावर आपल्याकडे आज कोणतीही मर्यादा नाही. कार्यालयीन इमारतींसाठी ब्युरोची तारांकन योजना २००९ पासून आहे, परंतु ती ऐच्छिक आहे. मला ही मोठी उणीव वाटते, कारण २०५० मध्ये ज्या इमारतींत आपण राहत असू त्यांपैकी पुष्कळ आजच उभ्या आहेत. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात शहराच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७२ टक्के वाटा ऊर्जेच्या वापराचा, म्हणजे प्रामुख्याने इमारतींतल्या विजेचा आणि इंधनाचा दाखवला आहे. उद्दिष्ट २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे आहे. केवळ नव्या टॉवरांना नियम लावून तेथे पोहोचता येणार नाही.

आपल्या ४८ घरांचा हिशेब मांडून पाहू. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. घरटी चार पंखे, म्हणजे १९२ पंख्यांचे मिळून ३१,००० युनिटांहून अधिक आणि सुमारे २२ टन कार्बन डायऑक्साइड, दरवर्षी. यासाठी भिंतीला हात लावावा लागत नाही, विकसक लागत नाही आणि कोणाला घर सोडावे लागत नाही. एकत्रित खरेदी केली तर दरही चांगला मिळतो.

त्यानंतर गच्ची. वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचेच आहे, तर त्याच वेळी उष्णतारोधक थर आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे आवरण घ्यावे. वरच्या मजल्यावरच्या ज्या सभासदांच्या भिंती रात्री तापलेल्या राहतात असे आपण लिहिले, त्यांना सर्वांत मोठा दिलासा येथेच मिळेल. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणून ६०० चौरस यार्डांपासून पुढच्या भूखंडांवरील नव्या घरांना अशी छते सक्तीची केली. आपल्या राज्यानेही तसे करावे, यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान शोधून आणावे लागत नाही. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा किंवा बाहेरून झडपा द्याव्यात. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढून फारसे साधत नाही, ते बाहेरच अडवले पाहिजे.

गच्चीच्या उरलेल्या भागावर सौर पॅनेल. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. सावली नसलेल्या साधारण हजार चौरस फुटांत १० किलोवॅटची यंत्रणा बसते, वर्षाला सुमारे १४,००० युनिट देते आणि पंप, जिन्याचे दिवे, पुढे लिफ्ट बसवली तर तिचाही भार उचलते.

आता पुनर्विकासाच्या कार्बनविषयी, कारण हा मुद्दा सभेत कोणी मांडत नाही. इमारत पाडून नवी उभी करताना सिमेंट आणि पोलाद यांतून जे उत्सर्जन होते ते पहिल्या रहिवाशाने दिवा लावण्याआधीच झालेले असते. एक टन सिमेंट बनताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आरईटीव्हीच्या आकड्यात हे कोठेच मोजले जात नाही. न्यूयॉर्कचा कायदाही केवळ वापरातील ऊर्जा मोजतो. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात हे उत्सर्जन मोजणे नव्या इमारतींना बंधनकारक केले आहे, १,००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींना २०२८ पासून आणि सर्वांना २०३० पासून. आपल्याकडे तसा नियम येईपर्यंत एवढे तरी व्हावे की दुरुस्तीयोग्य इमारत पाडायची असेल, तर हा खर्चही सभासदांना आधी सांगितला जावा.

वास्तुरचना_मुलुंड

लेखापरीक्षकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. इमारत दुरुस्तीयोग्य असेल, तर व्यवहार्यता अहवालात दुरुस्तीचा पर्याय खर्चासह समोरासमोर मांडण्याची मागणी आपण पीएमसीकडे करावी. साइट अभियंत्यांची सूचनाही उचित आहे, साहित्याऐवजी आकडा लिहावा.

सभेने पुनर्विकासाचाच निर्णय कायम केला, तर एका गोष्टीची चौकशी अवश्य करा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मानांकनाच्या दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहनपर चटई क्षेत्र मिळते आणि ही नियमावली ठाण्याला लागू आहे. विकसक ते घेणार असेल, तर उष्णतारोधक भिंतीचा खर्च परवडत नाही हे त्याचे कारण टिकत नाही. मात्र मानांकन म्हणजे आरईटीव्हीची हमी असे समजू नका, दोन्ही स्वतंत्रपणे मागा.

मसुद्यात घालण्यासाठी मजकूर देतो. आपल्या वकिलांकडून तो तपासून घ्यावा:

‘विकसक हा इको निवास संहितेप्रमाणे संपूर्ण इमारतीचे आरईटीव्ही मूल्य १५ वॅट प्रति चौरस मीटर किंवा त्याहून कमी, गच्चीचे यू-मूल्य १.२ किंवा त्याहून कमी आणि प्रत्येक सदनिकेतील उघडता येणारे क्षेत्र कार्पेट क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के राखील. याचे वास्तुविशारदाने स्वाक्षरी केलेले गणित बांधकाम परवानगीचा अर्ज दाखल करण्यापूर्वी संस्थेस सादर करील. भिंतीचे साहित्य, काच आणि उष्णतारोधक थर यांचे चाचणी अहवाल प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी संस्थेच्या सल्लागारास देईल आणि आराखड्यात कोणताही बदल केल्यास गणित नव्याने सादर करील. या अटींची पूर्तता झाल्याचे सल्लागाराचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत विकसकाच्या बँक हमीचा ठरलेला हिस्सा मोकळा केला जाणार नाही.’

आरईटीव्ही मोजण्यासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोचे साधन विनामूल्य उपलब्ध आहे, त्यामुळे विकसकाने दिलेले गणित समितीतील एखाद्या अभियंता सभासदाला घरी बसून पडताळता येईल. बँक हमीचा हिस्सा किती असावा हे निविदा उघडण्याआधी ठरवा आणि सर्व निविदाधारकांना एकाच वेळी कळवा, म्हणजे नंतर कोणालाही ही अट माहीत नव्हती असे म्हणता येणार नाही.